कडेची सावली: गोव्याच्या उन्हाळ्यात काडीची हॅट निवडणे, घालणे आणि पावसाळ्यात टिकवणे

मार्च उजाडला की म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, अंजुणचा बुधवारचा बाजार आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या पथाऱ्या हॅट्सनी भरून जातात. हात घालून एखादी उचलली, आरशात पाहिले, पैसे दिले, असेच बहुतेक जण करतात. ती हॅट मेअखेर कडेला लाटांसारखी वाकते आणि जुलैत पांढऱ्या बुरशीने भरते. दोष बऱ्याचदा हॅटचा नसतो. ती ज्या कामासाठी घेतली, त्या कामाला ती कधीच योग्य नव्हती. आणि गोव्याच्या दमट हवेत तिला ज्या तऱ्हेने जपायला हवे, ते कुणी सांगितलेले नसते.

हॅटचे काम सावली पाडणे. सूर्य कुठे आहे आणि तुमचे डोके कोणत्या स्थितीत आहे, यावर ती सावली ठरते. म्हणून निवड आरशापुढे उभे राहून न करता उन्हाच्या कोनावरून करावी.

भागांची नावे

डोके ज्यात बसते तो माथा. बाहेर पसरणारी ती कड, काही जण तिला काठ म्हणतात. माथ्याच्या आत कपाळाला टेकणारी पट्टी म्हणजे घामपट्टी. बाहेरून माथ्याभोवती असलेली फीत बरेचदा शोभेची असते, पण माथा आणि कड जिथे जुळतात ती कमजोर रेषा ती झाकते, म्हणून निघाली तर लगेच लावून घ्यावी. बांधणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात काड्यांची अरुंद वेणी विणून ती माथ्याच्या मधोमधून गोलगोल शिवत आणतात. दुसऱ्यात माथ्यापासून कडेपर्यंत अखंड वीण असते, शिवण नसते. शिवलेल्या हॅटचा धागा एका ठिकाणी तुटला तर वेणी उसवत जाते, पण ती घरी दुरुस्त होते. अखंड विणीची हॅट हलकी आणि हवेशीर असते, पण तिच्या माथ्याला चीर पडली की ती कायमची.

थोडा इतिहास, निवडीला उपयोगी पडेल इतका

गव्हाच्या पोकळ काडीची वेणी करून हॅट शिवण्याची कला इटलीत तोस्कानामध्ये, फ्लॉरेन्सजवळच्या सिन्या भागात फार पुढे गेली. तिथे धान्यासाठी नव्हे तर बारीक काडीसाठीच गहू दाट पेरत. लिव्होर्नो बंदरातून हा माल बाहेर जाई, आणि इंग्रज त्या बंदराला लेगहॉर्न म्हणत म्हणून हॅटही लेगहॉर्न झाली. नेपोलियनच्या युद्धांत इटलीचा माल इंग्लंडला पोचेना, तेव्हा ल्युटन आणि आसपासच्या गावांतला काडीच्या वेण्यांचा धंदा फोफावला. ल्युटनच्या फुटबॉल संघाला आजही ‘हॅटर्स’ म्हणतात ते यामुळेच. सपाट माथ्याची, सरळ कडेची, लाख लावून कडक केलेली बोटर हॅट हे त्याच परंपरेचे नंतरचे रूप.

पनामा हॅटचे नाव फसवे आहे. ती इक्वेडोरची. तिथे तोकिया नावाच्या वनस्पतीच्या कोवळ्या पानांच्या पट्ट्या काढून ती विणतात. वनस्पती दिसते ताडासारखी, पण ताडाच्या कुळातली नाही. हॅट्स पनामाच्या बंदरांतून जगभर जात म्हणून ते नाव पडले, आणि १९०६ मध्ये पनामा कालव्याचे काम पाहायला गेलेले अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ती घातलेल्या छायाचित्रांत दिसले तेव्हा ते पक्केच झाले. या विणकामाला युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. इक्वेडोरमधल्या मोंतेक्रिस्तीचे विणकर बारीक वीण सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करतात, कारण कोरड्या उन्हात पट्टी कडक होऊन तुटते. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तर पुढच्या निम्म्या सूचना आपोआप समजतील: तंतूला थोडा ओलावा हवा, जास्त नको.

अमेरिकेत काडीची हॅट कधी घालायची याचीही तारीख ठरलेली असे. १५ सप्टेंबरनंतर ती घालणे हास्यास्पद मानले जाई, आणि १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्या तारखेच्या दोन दिवस आधीच टोळक्यांनी लोकांच्या हॅट्स हिसकावून फाडायला सुरुवात केली, त्यातून कित्येक दिवस दंगल चालली. गोव्यात असली तारीख ऋतूच ठरवून देतो. ती म्हणजे मृगाचा पहिला पाऊस.

आपल्याकडे हॅट पोर्तुगिजांबरोबर आली. कोकणीतले ‘चेपें’ हे पोर्तुगीज शब्दावरूनच आले. पण त्याआधीपासून शेतकऱ्याकडे इरले होतेच, बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारे. ते पावसासाठी, पण त्यातला विचार हॅट घेणाऱ्याने उचलण्यासारखा आहे. लावणी करणारा माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेल्या माणसाची उघडी पडते ती मान आणि पाठ. गोल कडेची हॅट उभ्या माणसासाठी आहे. वाकून काम करायचे असेल तर तिच्याखाली तुवाल हवाच.

कड किती रुंद हवी

मेच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो, साधारण साडेबाराच्या सुमारास. घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांत आपल्याकडे अर्ध्या तासाचा फरक आहे. त्या वेळी ५ सेंटिमीटरची कडही चेहऱ्याला पुरते. अडचण नंतर सुरू होते. कपाळावरच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचे अंतर मोठ्या माणसात साधारण १४ सेंटिमीटर धरा आणि ७ सेंटिमीटरच्या सपाट कडेचा हिशेब करा. अडीच वाजता, सूर्य सुमारे ६० अंशांवर असताना, समोरून ऊन येत असेल तर सावली जवळपास १२ सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे ओठांपर्यंत. साडेतीनला, ४५ अंशांवर, ती ७ सेंटिमीटर, नाकाच्या टोकापाशी. साडेचारला, ३० अंशांवर, फक्त ४ सेंटिमीटर, म्हणजे डोळ्यांच्या जरा खाली. सकाळी हाच क्रम उलटा, साडेआठ ते साडेदहा.

यावरून ठरवा. रोजच्या चालण्याफिरण्याला ७ सेंटिमीटर. दुपारभर उघड्यावर थांबायचे असेल, उदाहरणार्थ शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला, तर ८ ते १०. दहाच्या पुढे वाऱ्यात हॅट सांभाळणे हेच काम होऊन बसते. काजूच्या बागेत मात्र ५ ते ६ सेंटिमीटरच बरे. बोंडू (काजूची फळे) गोळा करताना खालच्या फांद्या कडेला अडकतात, हॅट मागे उलटते आणि कड फाटते. सावली तिथे झाडेच देतात. मिठागरावर गोष्ट वेगळी. पाणी आणि पांढरे मीठ ऊन खालून परत फेकतात, तेव्हा कितीही रुंद कड असली तरी हनुवटी आणि नाकाखालचा भाग भाजतो. समुद्रकिनारीही तसेच, कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्के परत पाठवतो. अशा ठिकाणी हॅटबरोबर गळ्याभोवती सुती कापड बांधावे, चेहऱ्याच्या खालच्या भागाला सनस्क्रीन लावावे, आणि सनस्क्रीन सुकल्यावरच हॅट घालावी, नाहीतर घामपट्टीवर पिवळा डाग बसतो आणि तो जात नाही.

वायंगणाच्या (हिवाळी भातपिकाच्या) कापणीला किंवा भाजीच्या वाफ्यात वाकून काम करताना आधी ओला करून पिळलेला तुवाल डोक्यावरून मानेवर सोडायचा, मग वर हॅट. तुवाल खांद्यापर्यंत यायला हवा. हॅट थोडी मोठी घ्यावी लागते, साधारण १ सेंटिमीटर. नाहीतर तुवालासकट ती कपाळ आवळते आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागते.

बाजारात हॅट तपासणे

१. हॅट उन्हाकडे धरून आतून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालतील. ठळक भोके दिसली तर तेवढे ऊन तुमच्या टाळूवर येणार. जाळीदार माथा हवेशीर वाटतो, पण केस विरळ असलेल्या माणसाने तो टाळावाच.

२. आतल्या बाजूला एखादा मोकळा धागा शोधा. ओल्या बोटाने तो चोळा. मऊ पडून पीळ सुटू लागला तर हॅट कागदाची आहे. पिळलेल्या कागदाच्या हॅट्स स्वस्त, हलक्या आणि दिसायला छान असतात, पण पाण्याने मऊ पडतात आणि घामाने कपाळाशी सैल होतात. एका उन्हाळ्यासाठी घ्यायला हरकत नाही, पण ती कागदाची आहे हे माहीत असले पाहिजे.

३. धागा चकचकीत असेल, पाणी त्यावर थेंबाने उभे राहत असेल आणि वास पिशवीसारखा असेल तर तो प्लास्टिकचा. तुटून पडलेला एखादा तुकडा मिळाला तर घरी चिमट्यात धरून पेटवून पाहा. वितळून गोळा झाला तर प्लास्टिक, राख झाली तर गवत, पान किंवा कागद. प्लास्टिक बुरशीला दाद देत नाही, हा त्याचा गोव्यातला एकमेव मोठा गुण, पण घाम शोषत नसल्याने दुपारी ते सहन होत नाही.

४. कड दोन्ही हातांनी किंचित वाकवा आणि सोडा. परत सरळ आली पाहिजे. कुरकुर आवाज आला तर काडी वाळून कडक झाली आहे.

५. माथा दाबून बघू नका, घालून बघा. टाळू आणि माथ्याच्या आतल्या बाजूत दोन बोटे हवा खेळेल इतकी जागा हवी. टाळूला टेकणारी हॅट उन्हाची ऊब थेट डोक्याला देते. दोन हॅट्समधून एक निवडायची वेळ आली तर उंच माथ्याचीच घ्यावी.

६. घामपट्टी सुती घ्या. कातड्याची पट्टी दिसते उत्तम, पण गोव्याच्या पावसाळ्यात बुरशी पहिल्यांदा तिलाच लागते, आणि उन्हात वाळल्यावर ती आकसून हॅट एका मापाने लहान करते.

कडक बोटर हॅट कार्निव्हालात वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर शोभते, पण नवख्याने पहिली हॅट म्हणून ती घेऊ नये. लाखेमुळे ती डोक्याच्या आकाराशी जुळवून घेत नाही आणि माप अर्धा सेंटिमीटर चुकले तरी दोन ठिकाणी रुतते.

माप

कपाळाच्या मधून, कानांच्या वर १ सेंटिमीटर आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवा. तीनदा मोजा, तिन्ही आकडे सारखे येत नाहीत, मधला धरा आणि अर्धा सेंटिमीटर मिळवा, कारण उन्हात कपाळ घामाने भिजते आणि रक्तवाहिन्या फुगतात. केस ज्या तऱ्हेने रोज बांधता तसेच बांधून मोजा. अंबाडा घालणाऱ्या बाईने केस सोडून माप दिले तर हॅट पुढे सरकून भुवयांवर बसते. अंबाडा खाली, मानेच्या वर बांधला की माथा साधा चालतो. वर बांधायचा असेल, त्यात अबोलीची माळ असेल, तर मागून उघडी असलेली हॅटच घ्यावी. घट्ट हॅट ओढून कधीच बसवू नये.

किंचित सैल हॅट सोपी गोष्ट. घामपट्टीच्या आत, कपाळ आणि मागचा भाग सोडून दोन्ही कानशिलांच्या बाजूला, ३ मिलिमीटर जाडीची फोमची किंवा फेल्टची पट्टी सरकवा. पुढे लावली तर कपाळावर वळ उठतो.

घालणे, काढणे, ठेवणे

कडेला पुढे आणि मागे दोन्ही हातांनी धरून हॅट डोक्यावर बसवायची आणि तशीच काढायची. माथ्याचा पुढचा भाग चिमटीत धरून उचलण्याची सवय ही काडीच्या हॅटची सर्वांत मोठी शत्रू. तिथे रोज एकाच ठिकाणी काड्या दुमडतात, महिन्या-दोन महिन्यांत टोकाला चीर पडते, आणि ती चीर पुढे वाढतच जाते.

भुवयांच्या वर एक ते दीड बोट, कानांच्या वर पट्टी, कड सपाट. साडेतीननंतर पश्चिमेकडे चालायचे असेल तर पुढची कड दोन बोटे खाली झुकवा. पाठीवर ऊन घेऊन चालायचे असेल तर हॅट मागे झुकवू नका, सरळच ठेवा आणि मानेला कापड द्या.

खाली ठेवताना माथा खाली, कड वर. कडेवर ठेवलेली हॅट स्वतःच्या वजनाने कड सपाट करून घेते. खिळ्याला अडकवली तर माथ्यावर टेंगूळ येते. घरी बसवायला माथ्याच्या मापाचे पालथे पातेले उत्तम.

दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर, मांडवीच्या काठी, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. त्या वेळी हॅट खाली दाबून बसवू नये, दोरी बांधावी. दीड सेंटिमीटर रुंदीची सुती फीत, साधारण एक मीटर, घामपट्टीच्या शिवणीतून जाड सुईने ओवायची. काडीला भोक पाडायचे नाही, कारण भोकापासूनच ती फाटते. गाठ हनुवटीखाली न मारता केसांखाली मागे मारावी. लहान मुलांच्या हॅटला गळ्याभोवती गाठीची दोरी देऊ नये. खेळताना ती अडकते. ओढल्यावर सुटणारी चिकटपट्टी (वेल्क्रो) असावी.

स्कूटरवर हॅट डोक्यावर नको, तिथे हेल्मेटच. सीटखालच्या खणातही नको, तिथली गरमी आणि दाब हॅटला एकाच फेरीत बिघडवतात. पाठीवरच्या पिशवीला बाहेरून फितीने लटकवावी. बंद गाडीच्या काचेपुढे ठेवली तर काडी वाळून कडक होते, घामपट्टीचा गोंद सुटतो.

देवळात आणि इगर्जीत (चर्चमध्ये) शिरताना हॅट काढून हातात धरावी. तियात्राला (कोकणी नाटकाला) किंवा दशावताराला बसताना मांडीवर. मागच्याला कड आड येते.

भिजली, वाकली, तुटली तर

अवेळी पावसात भिजली तर झटकायची, कापडाने टिपायची, घासायची नाही. घामपट्टी बाहेर उलटवून पालथ्या पातेल्यावर पंख्याखाली सुकू द्यायची. थेट उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राने नाही. एक बाजू आधी वाळते, ती आकसते आणि कड कायमची पिळते.

वाकलेली कड वाफेने सरळ होते. टोपात पाणी उकळवा, वाफेपासून २० ते २५ सेंटिमीटरवर कड धरा, १० ते १५ सेकंद. बोटांनी आकार द्या, गार होईपर्यंत तशीच धरा आणि मग दोन तास सावलीत ठेवा. नवखे माणूस जवळ धरून लांब वेळ वाफ देते, त्याने काड्या फुगतात, वेणीची शिवण सैल पडते आणि कडेला नव्या लाटा येतात. कागदाच्या हॅटला ५ सेकंदच, प्लास्टिकला वाफ नाहीच. जरा जास्तच वाकली असेल तर ओलसर सुती कापड मध्ये ठेवून मंद इस्त्री ५ सेकंद टेकवून उचलायची, ओढायची नाही.

बाहेर आलेले काडीचे टोक ओढू नका, कात्रीने छाटा. आतून पांढऱ्या गोंदाचा एक थेंब आणि पातळ कापडाची बोटभर पट्टी पुरते. वेणी उसवली असेल तर त्याच दिवशी त्याच रंगाच्या दोऱ्याने, ५ मिलिमीटरच्या उलट टाक्याने शिवा. दहा दिवस थांबलात तर हातभर वेणी शिवावी लागेल.

समुद्रावरून आल्यावर दरवेळी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले कापड हॅटवरून फिरवावे. अंगावर राहिलेले मीठ हवेतले पाणी ओढत राहते, मग हॅट कधीच नीट सुकत नाही.

मेअखेर: पावसाळ्याची बांधाबांध

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो, त्याआधी हे काम उरकायचे. मऊ ब्रशने विणीच्या दिशेने धूळ काढा. घामपट्टी उलटून साबणाच्या दोन थेंबांच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने, आणि दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा. सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास दिली तरी चालेल. हात लावल्यावर गार वाटली तर ओल आहे, अजून एक दिवस थांबा.

माथ्यात कोरा पांढरा कागद भरा. वर्तमानपत्राची शाई उतरते. सुती उशीच्या अभ्र्यात घालून कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको. आत राहिलेली थोडीशी ओलसुद्धा बुरशीला पुरते. सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या अभ्र्यात टाका, पण हॅटला चिकटतील अशा नाही. कडक करण्यासाठी लावलेली खळ कसरींना आणि झुरळांना आवडते, म्हणून वाळलेला कडुनिंबाचा पाला अभ्र्याच्या बाहेर ठेवावा. दर पंधरा दिवसांनी उघडून पाहायचे आणि पाऊस उघडलेल्या दिवशी तासभर वाऱ्यावर द्यायची.

पांढरे ठिपके दिसलेच तर घरात झटकू नका. नाकातोंडाला कापड बांधून, बाहेर अंगणात, कोरड्या ब्रशने झाडा. मग निम्मे पाणी घातलेल्या रंगहीन विनेगरमध्ये कापड बुडवून घट्ट पिळून पुसा. स्वयंपाकातले माडाच्या सुरेचे विनेगर यासाठी वापरू नका, त्याचा रंग आणि वास दोन्ही काडीत बसतात. मग पूर्ण सुकेपर्यंत पंख्याखाली. काळे ठिपके मात्र तंतूत खोल गेलेले असतात, ते पुसून जात नाहीत. अशी हॅट बाकीच्यांपासून वेगळी ठेवायची, नाहीतर चवथीला (गणेशचतुर्थीला) कपाट उघडताना बाकीच्यांवरही तेच ठिपके सापडतात.